बाबल मेस्त्रीची काजळी

आमच्या पोस्टासमोरून रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास एक काळी मोटार जायची आणि ती बाबल मेस्त्री ढकलत न्यायचा. एक हात खिडकीतून आत घालून स्टिअरिंग धरलेलं, खांदा दाराच्या चौकटीला लावलेला, आणि पाय असे टाकायचा की बघणाऱ्यालाच धाप लागावी. घाटीच्या उतारावरून गाडी आपसूक खाली यायची, पण पोस्टासमोर सपाटी लागली की पुन्हा मेस्त्रीचा खांदा.

ज्याची गाडी बंद पडते तो ती ढकलतो, यात नवल काही नाही. नवल हे, की बाबल मेस्त्री हा त्या भागातल्या झाडून सगळ्या इंजिनांचा वैद्य होता. प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारी, ट्रक, भाताच्या गिरणीचं इंजिन, सगळं त्याच्या हाताखालून जाई. मालवणहून आचऱ्याकडे जाणारा ड्रायव्हर त्याच्या शेडसमोर हॉर्न दिल्याशिवाय पुढे जात नसे. आणि त्याच्याच हातातली गाडी मात्र रोज सकाळी बंद.

माझी त्या गावी सब-पोस्टमास्तर म्हणून बदली झाली तेव्हा नवे पैसे नुकतेच आले होते आणि तिकिटांच्या हिशेबानं माझं डोकं आधीच पिकलेलं होतं. पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत माझं बिऱ्हाड, आणि रस्त्यापलीकडे मेस्त्रीची झावळ्यांची शेड. पहिल्या दिवशी त्याला ढकलताना बघून मला कीव आली. चौथ्या दिवशी हसू आलं. महिन्याभरानं संशय यायला लागला.

वाटेवरचे लोक त्याची रोज थट्टा करत. पाटी घेऊन बाजाराला निघालेली कोळीण विचारी, "काय मेस्त्री, आज पण चालू जावक नाय?"

मेस्त्री मान वर न करता म्हणे, "तिचा मन नाय आज."

रोज हेच वाक्य, याच सुरात. कोळीण हसून पुढे जाई आणि मेस्त्री गाडी शेडमध्ये लावून, घाम पुसून, दुसऱ्यांची इंजिनं खोलायला बसे.

दिसायला तो फाटका. गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, वर एके काळी पांढरं असलेलं गंजीफ्रॉक, आणि उजवा कान कायमचा काळा. माझ्या बायकोला वाटलं, जन्मखूण असेल. तसं नव्हतं. आलेल्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटला तो आधी कान लावायचा. ड्रायव्हर सांगत असायचा, ब्रेक लागत नाही, गिअर अडकतो. मेस्त्री डोळे मिटून, हात वर करून त्याला गप्प करायचा, आणि बराच वेळ ऐकून निकाल द्यायचा, "काजळी धरली हा."

मोटारीचं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. जे कळलं ते मेस्त्रीनं शिकवलं. पेट्रोल जळतं त्याची काजळी पिस्टनच्या डोक्यावर आणि व्हॉल्व्हवर बसते. थरावर थर चढतात. मग चढणीला इंजिन ठोके द्यायला लागतं, दम टाकतं, आणि किल्ली बंद केली तरी ते बंद होत नाही. आतली काजळी निखाऱ्यासारखी लाल राहते आणि त्यावर गाडी आपली आपण आणखी तीन-चार वेळा खोकत राहते. हे खोकणं मेस्त्रीला सोसत नसे. दुसऱ्याच्या घरातलं मूल रडताना ऐकावं तसा त्याचा चेहरा व्हायचा.

त्याच्या मते जगातली निम्मी दुखणी काजळीची होती. मला थंडीत खोकला झाला तेव्हा तो तिकिटाच्या खिडकीतून डोकं आत घालून ऐकत राहिला. म्हणाला, "मास्तरानू, तुमी सगळो दिस बसान आसतास. उभी गाडी लवकर काजळता. रोज आचऱ्यापर्यंत चलान येवा." मी सरकारी नोकर, रोज आचऱ्याला चालत जाऊन आलो तर टपाल कोण बघणार? पण त्याला ते पटलं नाही.

एकदा आमच्या स्टोव्हचा आवाज त्यानं रस्त्यावरून ऐकला. सरळ स्वयंपाकघराच्या दारात आला, "वयनीनू, ह्येका काजळी धरली हा," म्हणाला आणि वरचं चहाचं आधण खाली ठेवून स्टोव्ह उचलून घेऊन गेला. दुपारी परत आणला तो असा, की लग्नात आला तेव्हाही इतका लखलखीत नव्हता. बायको म्हणाली, "माणूस फार चांगला आहे हो, पण निदान चहा तरी होऊ द्यायचा होता."

रवळनाथाच्या देवळात घाटावरचे एक कीर्तनकार आले होते. पूर्वरंगातच बुवांचा आवाज वरच्या पट्टीत फाटायला लागला. खांबाआडून, डोळे मिटलेल्या अवस्थेत, मेस्त्रीनं सगळ्या देवळाला ऐकू जाईल असा निकाल दिला, "काजळी धरली हा. हेड खोलूक होया." बुवा दचकले. देवस्थानचे मानकरी त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "ते आमचे जाणकार आहेत, आपण चालू ठेवा." दुसऱ्या दिवशी मेस्त्री बुवांना समुद्रावर घेऊन गेला आणि लाटांकडे तोंड करून त्यांना तासभर बोंबलायला लावलं. त्या रात्रीचं कीर्तन खणखणीत झालं हे मात्र मला कबूल करावं लागेल.

पण त्याची खरी कळा बघायची ती हेड खोलताना. इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड. ते उचललं की आतली काजळी दिसते. ते खोलण्याआधी मेस्त्री गाऱ्हाणं घालायचा. तिकडे कुठल्याही शुभकार्याआधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. मेस्त्री ते इंजिनापुढे घालायचा, एवढाच फरक.

एकदा भरलेली सर्व्हिस मोटार त्यानं शेडसमोर अडवली. काजळी इतकी, की पुढची घाटी ती चढणार नाही असं त्याचं म्हणणं. आत मालवणच्या कोर्टातले एक वकील होते, ते सारखे घड्याळ काढत होते. मेस्त्रीनं बॉनेटवर नारळ ठेवला, सगळ्यांना खाली उतरवून रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "सगळ्यांनी म्हटल्याशिवाय मी पानो लावचंय नाय. वकीलसायबांनी पण."

"बा देवा रवळनाथा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज ह्या मोटारीचा हेड मी खोलतंय. खंयचो बोल्ट मोडाक नको, खंयचो आटो जावक नको, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हिचो डायवर चढणीर गिअर बदलणा नाय, इंजिनाचो जीव घेता. तेका जरा अक्कल दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात ड्रायव्हरचा आवाज सर्वांत मोठा होता. काय म्हटलं ते त्याच्या ध्यानात आलं तोवर मेस्त्रीनं पाना लावला होता. वकीलसाहेब पहिल्यांदाच हसले, आणि त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं.

काढलेले बोल्ट तो करवंट्यांत घालायचा. एका करवंटीत एकच बोल्ट, आणि करवंट्या ओळीनं मांडलेल्या. काजळी खरवडायलाही करवंटीच, काचेनं धार काढलेली. कोणी पटाशी पुढे केली तर हातावर चापट मारी. "लोखंडान खरवडलंस तर पिस्टनार ओरखडो उठता, आणि थयच नवी काजळी घर करता. करवंटी कशी, आपल्या घरची." मग घासलेटच्या बोळ्यानं असं पुसायचा, की पिस्टनमध्ये त्याचा काळा कान दिसावा. निघालेली काजळी दात घासायला मागायला बायका येत. त्यांना तो हाकलून देई.

सगळं जोडून झालं की गाडी घाटी चढवून परत आणायची आणि किल्ली बंद करायची. बाकीचे मेकॅनिक गाडी सुरू कशी होते ते बघतात. बाबल मेस्त्री ती बंद कशी होते ते बघायचा. किल्ली फिरताक्षणी इंजिन निमूट झालं तर डोळे मिटून म्हणायचा, "गप रवली." एकदा जरी खोकलं तरी हेड पुन्हा खाली. ड्रायव्हर हातापाया पडत, पण तो ऐकायचा नाही.

आणि इतका कामसू माणूस, पण दिवेलागणीला त्याला कोणी थांबवू शकत नसे. व्हॉल्व्ह अर्धा घासलेला असो, प्रवासी रस्त्यात बसलेले असोत, उन्हं माडांच्या शेंड्यांवर गेली की हा उठणार. चुलीतली राख आणि नारळाचं सोडण घेऊन कोपरापर्यंत हात घासणार, धुतलेला सदरा घालणार, काळी मोटार बाहेर काढणार. ती मोटार, जिचं सकाळी मन नसायचं, ती संध्याकाळी हात लावताच सुरू होई आणि मेस्त्री एकटा बसून घाटी चढून जाई. परत येई तो चालत. गाडी सकाळी. ढकलत.

त्या गाडीत तो कोणालाही घेत नसे. एकदा कणकवलीकडचं वऱ्हाड आलं, नवऱ्यामुलाला मिरवायला काळी गाडी पाहिजे म्हणून. मेस्त्री म्हणाला, "जमाचा नाय. तिका सांजची वर्दी आसा." वर्दी म्हणजे ठरलेली फेरी. कुणाची, तर ते सांगेना. मी आमच्या पोस्टमनला खोदून विचारलं. इतर वेळी हा गृहस्थ न विचारता गावाच्या सगळ्या भानगडी सांगे. त्या दिवशी त्याला एकाएकी टपालाची घाई झाली. साहजिकच मी आणि माझी बायको, आमचे आम्ही तर्क करायला लागलो. घाटीवर ताडीचं दुकान असावं, असा माझा तर्क. बायकोचा तर्क धुतलेल्या सदऱ्यावर आधारलेला होता, तो इथे लिहीत नाही.

मग माघातला एक रविवार आला. पोस्ट बंद होतं. सकाळीच मेस्त्री दारात उभा राहिला, आणि त्याचा चेहरा बघून मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मास्तरानू, येतास काय? गाऱ्हाण्याक व्हय म्हणूक कोणतरी होया."

"कुणाची गाडी?"

"काळी. काल थांबताना तीन डाव खोकली."

तीन खोकल्यांसाठी माझा रविवार जाणार म्हणून मी कुरकुरलो. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी चप्पल घातली.

गाऱ्हाणं त्या दिवशी अगदी लहान होतं. "बा देवा म्हाराजा, सांज होवच्या आदी हिका बोलती कर. आणि थांबताना गप रवान दी." मी एकटाच "व्हय म्हाराजा" म्हणालो. मला ते म्हणताना ओशाळल्यासारखं झालं.

हेड उचललं तर आत काजळीचा थर, नखभर जाड. मी म्हटलं, "मेस्त्री, ही गाडी जाते फार तर अर्धा मैल. हिला एवढी काजळी?"

"म्हणान तर," तो म्हणाला. "हिका लांब पल्लो खंय आसा? दोन म्हयन्यांनी खोलूचीच लागता."

आणि तेवढ्यात घोटाळा झाला. हेडखालची तांब्याची गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारा पातळ पत्रा, सोडवताना दोन भोकांच्या मधे फाटली. नवी मिळणार कोल्हापूरला, म्हणजे तीन दिवस तरी गेलेच. मी म्हटलं, "हरकत नाही, तीन दिवस गाडी उभी राहील."  मेस्त्री करवंट्यांच्या ओळीशेजारी खाली बसला आणि फाटलेली जागा पुन्हा पुन्हा बोटानं जुळवून बघायला लागला. इतके दिवस त्याला बघत होतो, काम सोडून असा बसलेला पहिल्यांदा बघितला. गाडी बंद पडली म्हणून माणूस इतका हादरत नाही, एवढं मला तेव्हाही कळलं.

तासाभरानं तो उठून समुद्राकडे गेला. होड्यांना तेल-चंद्रूस लावायचे दिवस होते. चंद्रूस म्हणजे एक राळ. ती उकळत्या तेलात घालून होडीच्या लाकडाला चोपडली की पाणी आत शिरत नाही. कोळ्यांकडून त्यानं एक डबा भरून आणला आणि तो तापवला कशावर, तर आमच्या स्टोव्हवर. घरात असा वास सुटला की बायको शेजारी जाऊन बसली. फाटलेली गॅस्केट त्यानं आधी लाल करून थंड केली, मग दोन्ही बाजूंनी चंद्रुसाचे हात दिले. मी बोल्ट असलेल्या करवंट्या एकेक करून पुढे करत होतो. कुणाच्या मोटारीसाठी आणि कशासाठी, ते मला ठाऊक नव्हतं, पण दुपारनंतर मलाही घाई वाटायला लागली. उन्हं माडांच्या शेंड्यांवर जायच्या आत शेवटचा बोल्ट बसला.

"पाणी ठिबकता जरा," मेस्त्री म्हणाला. "तुमी पाण्याचो डबो घेवन माझ्या वांगडा चला. पण थय गेल्यार बोलूचा नाय."

असा मी त्या काळ्या मोटारीत मेस्त्रीशेजारी बसणारा, माझ्या बघण्यातला पहिला माणूस ठरलो. घाटी चढून, काजूच्या बागेला वळसा घालून गाडी एका कौलारू घराच्या फाटकाशी थांबली. मेस्त्रीनं श्वास धरून किल्ली फिरवली. इंजिन एका दमात निमूट झालं.

"गप रवली," तो पुटपुटला.

फाटकाच्या आत एक म्हातारी बाई उभी होती. गाडीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. तिची मान जरा कलती होती, ऐकल्यासारखी. मग ती वळली आणि आत कुणाला तरी मोठ्यानं म्हणाली, "इले गो. पाय धुवक पाणी ठेव." पडवीत कंदील होता. तिनं दोन पानं मांडली. एक वाढून त्यावर ताट झाकलं आणि दुसऱ्या पानावर स्वतः जेवायला बसली. मेस्त्री दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बघत होता.

"आज दुसऱ्यांदा भात घेतल्यान," तो हळूच म्हणाला. "काल खोकली तेवा म्हणाली, ही आमची गाडी न्हय. तशीच फाटकात उभी रवली. पान उपाशी उचलल्यान."

परत येताना आम्ही चालत आलो. तेव्हा त्यानं सांगितलं. ती गाडी अण्णांची. अण्णा नारळाचे व्यापारी, आणि मेस्त्री तेव्हा त्यांचा ड्रायव्हर. म्हातारी म्हणजे अण्णांची बायको, माई. मूलबाळ नाही. संध्याकाळी गाडीचा आवाज आला की माई पानं घ्यायच्या, हे तीस वर्षांचं.

"दोन म्हयने मी सांगी होतंय, अण्णानू, काजळी काढूया. ते म्हणत, नारळांचो हंगाम जावंदे. कसालच्या चढणीर बंद पडली. अण्णा म्हणाले, तू स्टिअरिंग धर, मी ढकलतंय." त्यानं वाटेतला एक दगड पायानं बाजूला केला. "ढकलता ढकलता थयच खाली बसले. परत उठले नाय."

मी पाण्याचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

"तेंका ट्रकातसून आणलव. गाडी दुसऱ्या दिसा बैलांनी ओढून आणली. माईन सगळा डोळ्यांनी बघल्यान, रडली, दिवस केले. पण गाडी येताना आयकल्यानच नाय मा. बैलांनी ओढलेली गाडी काय बोलतली? मगे एक दिस सांजेक फाटकात येवन उभी रवली. जेवना नाय. म्हणता, गाडी खंय इली अजून?"

गावाला हे सगळं ठाऊक होतं. पोस्टमनला, रोज थट्टा करणाऱ्या कोळणीला, सगळ्यांना. एक मीच तर्क करत बसलो होतो. मला माझ्या तर्कांची लाज वाटली, आणि बायकोला सांगितलं तेव्हा तीही बराच वेळ स्टोव्ह न पेटवता तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी घाटी चढून गेलो. मेस्त्री फाटकातून गाडी मागे घेत होता, दाराला खांदा लावून, एक दगडसुद्धा चाकाखाली वाजू नये अशा बेतानं. घरापासून जरा लांब आल्यावर मी विचारलं, "मेस्त्री, गाडी इतकी सुरेख चालू होते. मग रोज ढकलत का नेता?"

त्यानं घराकडे एकदा वळून बघितलं.

"जाताना आयकल्यान तर तिका ती सकाळ आठवतली, मास्तरानू. त्या दिसा गाडी गेली ती तिच्या लेखी परत येवकच नाय. म्हणान जावचो आवाज आपण करूचो नाय. येवचो तेवढो करूचो."

मी मागे गेलो आणि गाडीला दोन्ही हात लावले. मला वाटली होती त्यापेक्षा ती पुष्कळच जड होती. उतार लागला तसा जरा दम खाल्ला, आणि खाली पोस्टासमोरच्या सपाटीवर पुन्हा जोर लावला. समोरून कोळीण पाटी घेऊन येत होती. मला बघून थबकली, मग नेहमीसारखंच विचारलं, "काय मेस्त्री, आज पण चालू जावक नाय?"

मेस्त्रीला धाप लागली होती. म्हणून मीच सांगितलं.

"तिचा मन नाय आज."